घराचा विमा: कोरड्या दिवशी करून ठेवायची कामं

मामाच्या घरात ओटीच्या भिंतीवर, स्विचबोर्डच्या दोन बोटं वर, एक मळकट आडवी रेघ होती. 22 जुलै 2021 ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं, ते घरात कुठवर चढलं याची ती खूण. पाणी ओसरल्यावर काही दिवसांनी विमा कंपनीने नेमलेला सर्व्हेअर आला. त्याने टेप लावून जमिनीपासून रेघेपर्यंतचं अंतर मोजलं, चार फूट सात इंच असं वहीत लिहिलं आणि विचारलं, "काका, पॉलिसीत सामान धरलंय का?"

मामाला प्रश्नच कळला नाही. घराचा विमा आहे म्हटल्यावर फ्रीज, कपाटं, गाद्या सगळं त्यात आलंच, असं तो पाच वर्षं धरून चालला होता. पॉलिसी बँकेने 2016 साली कर्ज देताना काढून दिलेली. ती फक्त इमारतीची होती आणि विमा रक्कम कर्जाएवढीच, म्हणजे 9 लाख. ते घर नव्याने बांधायचं तर 18 लाख लागले असते. त्या जुन्या पॉलिसीत कमी रकमेच्या विम्याची अट होती: निम्म्या किमतीचा विमा, तर भरपाईही निम्मी. प्लास्टर, दारं, वायरिंग मिळून इमारतीचं नुकसान 2 लाख 40 हजार धरलं गेलं, हातात 1 लाख 20 हजार आले. सामानाचा एक रुपया नाही.

कोणी फसवलं नव्हतं. सगळं त्या कागदावर लिहिलेलं होतं, पण पाच वर्षांत आमच्यापैकी एकानेही तो वाचला नव्हता. तेव्हापासून मी नात्यातल्या, शेजारपाजारच्या बऱ्याच पॉलिस्या समोर घेऊन बसलो. त्यातून जे कळलं ते ज्या क्रमाने करायचं त्या क्रमाने लिहितो. एखादा मोकळा रविवार यासाठी काढा.

पायरी 1: घरात आधीच कोणते कागद आहेत ते बघा

कर्जाची फाइल उघडा. "बँकेने विमा काढलाय" असं बहुतेक जण सांगतात, पण तो कशाचा आहे हे विचारलं की गप्प होतात. त्या फाइलमध्ये दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात.

एक असतो कर्जदाराच्या जिवाचा विमा. कर्ज घेणारा दगावला तर उरलेलं कर्ज त्यातून फिटतं. कुटुंबासाठी तो फार मोलाचा आहे, पण वादळात छप्पर उडालं तर त्याचा उपयोग शून्य. ओळखायची सोपी खूण सांगतो. पॉलिसीच्या पहिल्या पानावर, म्हणजे शेड्यूलवर, तुमचं वय आणि वारसाचं नाव ठळक असेल आणि घराचा पत्ता 'विमा उतरवलेली मालमत्ता' म्हणून कुठेच नसेल, तर तो जिवाचा विमा आहे.

दुसरी असते घराची पॉलिसी. त्यात मालमत्तेचा पत्ता, इमारतीची विमा रक्कम आणि बहुधा बँकेचं नाव असतं. बँकेचं नाव असलं की मोठ्या नुकसानीचे पैसे आधी कर्जाकडे वळू शकतात, हेही लक्षात घ्या. कर्ज देताना बँक घराचा विमा मागू शकते. तो त्यांच्याच काउंटरवरून, त्यांनी सांगितलेल्या कंपनीचाच घेतला पाहिजे, असं बंधन मात्र तुमच्यावर नाही.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी आणखी एक कागद बघायचा, तो सोसायटीचा. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये इमारतीचा आग आणि भूकंपाचा विमा उतरवणं संस्थेवर बंधनकारक केलं आहे. सेक्रेटरींकडे प्रत मागा. विचारायचे प्रश्न तीनच: पॉलिसी आज चालू आहे का, रक्कम किती, आणि पूर-वादळ त्यात आहे का. सोसायटीची पॉलिसी चांगली असली तरी ती इमारतीची असते. तुमच्या घरातला सोफा, टीव्ही, कपडे तिच्यात येत नाहीत. तुम्ही पदरच्या पैशांनी करून घेतलेलं मॉड्युलर किचन किंवा बदललेल्या फरश्या तिच्यात धरल्या आहेत का, तेही विचारून घ्यावं लागतं.

भाड्याने राहत असाल तर भिंती मालकाच्या, सामान तुमचं. तुम्हाला फक्त सामानाचा विमा घेता येतो. कित्येक भाडेकरूंना हे माहीतच नसतं, म्हणून इथेच सांगितलं.

पायरी 2: कशामुळे नुकसान झालं तर पैसे मिळतात ते समजून घ्या

1 एप्रिल 2021 पासून आपल्याकडे एक चांगला बदल झाला. विमा नियामक आयआरडीएआयने घरांसाठी 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी ठरवून दिली. घराचा आगीचा विमा विकणाऱ्या प्रत्येक सर्वसाधारण विमा कंपनीला ती द्यावी लागते. मूळ मजकूर सगळीकडे तोच. कंपनीनुसार हप्ता, सेवा आणि वरून जोडायची संरक्षणं तेवढी बदलतात. यापुढे मी बोलतो ते याच पॉलिसीबद्दल. मामाची 2016 ची होती तशी जुनी पॉलिसी तुमच्याकडे असेल, तर तिचे नियम वेगळे आहेत, ते तिच्यातच वाचा.

पॉलिसीत कारणांची यादी दिलेली असते. नुकसान त्या यादीतल्या कारणाने झालं तरच भरपाई. आग, स्फोट, वीज पडणं, भूकंप, वादळ, चक्रीवादळ, त्सुनामी, पूर आणि पाणी तुंबणं, जमीन खचणं, दरड कोसळणं, वणवा, घरावर झाड किंवा वाहन आदळणं, दंगल आणि द्वेषाने केलेली नासधूस, दहशतवादी कृत्य, पाण्याची टाकी किंवा नळ फुटणं. आपल्या भागाचा विचार केला तर ही यादी किती उपयोगाची आहे ते कळतं. कोयना 1967, किल्लारी 1993, मुंबईचा 26 जुलै 2005, सांगली-कोल्हापूरचा 2019 चा पूर, 3 जून 2020 चं निसर्ग चक्रीवादळ, तळियेची दरड: यातलं प्रत्येक कारण त्या यादीत आहे. पूर्वी काही पॉलिस्यांत भूकंप वेगळा पैसा देऊन जोडावा लागे. आता तो आतच आहे.

खरा गोंधळ होतो तो यादीच्या कडेला असलेल्या गोष्टींवर. तिथे जरा थांबू.

पाणी. नदीचं पाणी घरात आलं, गच्चीवरची टाकी फुटून घर भिजलं, तर भरपाई आहे. वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून वर्षानुवर्षं झिरपून तुमच्या छताला आलेली ओल, पोपडे, बुरशी मात्र यात येत नाही. ते देखभालीचं काम धरलं जातं. क्लेम नाकारल्याची जी पत्रं मी पाहिली, त्यात सर्वांत जास्त याच कारणाची होती. घटना अचानक घडलेली असावी लागते आणि तिची तारीख तुम्हाला सांगता यायला हवी.

तडे. जमीन खचून किंवा दरडीमुळे घराला तडा गेला तर मिळतं. नव्या बांधकामाला बसताना पडणाऱ्या नेहमीच्या भेगा, सदोष बांधकाम किंवा हलकं साहित्य यामुळे गेलेले तडे, शेजारच्या प्लॉटवर खोदकाम चालू असताना गेलेले तडे, हे वगळलेले आहेत. शेजाऱ्याच्या खोदकामाने नुकसान झालं तर दाद त्याच्याकडे किंवा बिल्डरकडे मागावी लागते. किनाऱ्यावरच्या आणि नदीकाठच्या लोकांनी आणखी एक ओळ नीट वाचावी: समुद्राने किंवा नदीने काठ खाल्ल्यामुळे जमीन गेली, तर तेही वगळलेलं आहे. भरतीच्या लाटांनी दरवर्षी हातभर अंगण जात असेल, तर विमा त्यावर उपाय नाही.

वीज. आकाशातली वीज थेट घरावर पडून नुकसान झालं तर मिळतं. शॉर्टसर्किट होऊन फ्रीजच्या आतला भाग जळला, तर त्या फ्रीजचे पैसे या पॉलिसीतून मिळत नाहीत. त्याच शॉर्टसर्किटने आग लागून स्वयंपाकघर पेटलं, तर बाकीच्या नुकसानीचे मिळतात. उपकरणांच्या बिघाडासाठी वेगळं संरक्षण जोडता येतं.

चोरी. हे सर्वांना धक्का देणारं आहे. साधी घरफोडी मूळ पॉलिसीत नाही. पूर, आग, भूकंप अशा यादीतल्या घटनेमुळे घर उघडं पडलं आणि त्यानंतर 7 दिवसांच्या आत चोरी झाली, तेवढीच चोरी धरली जाते. गावाला गेलो आणि मागे कुलूप फोडलं, यासाठी घरफोडीचं संरक्षण जादा घ्यावं लागतं. ते मागितल्याशिवाय मिळत नाही.

याशिवाय युद्ध, अणुकिरणोत्सर्ग, प्रदूषण, स्वतः जाणूनबुजून केलेलं नुकसान वगळलेलं आहे. रोख रक्कम, कागदपत्रं, सुटी हिरे-माणकं आणि वाहनंही यात येत नाहीत. पार्किंगमधली बुडालेली गाडी तिच्या स्वतःच्या विम्यातून सोडवायची.

पायरी 3: घर मोजा आणि इमारतीची रक्कम स्वतः काढा

इथे मोठमोठे लोक चुकतात. फ्लॅट 75 लाखांना घेतला म्हणून 75 लाखांचा विमा मागतात, किंवा कर्ज 20 लाख उरलंय म्हणून 20 लाखांचा. दोन्ही आकडे चुकीचे. बाजारभावात जमिनीची किंमत असते, परिसराची असते, आणि पुरात जमीन वाहून गेली तरी विमा कंपनी तिचे पैसे देत नसते. विमा असतो तो घर त्याच जागी पुन्हा बांधायला लागणाऱ्या खर्चाचा.

हिशोब सोपा आहे. चटई क्षेत्र, म्हणजे कार्पेट एरिया, गुणिले तुमच्या भागातला बांधकामाचा आजचा दर. पॉलिसीत चौरस मीटर विचारतात, आपण चौरस फुटांत बोलतो; चौरस फुटांना 10.764 ने भागलं की चौरस मीटर मिळतात.

समजा पुण्यात 600 चौरस फूट चटई क्षेत्राचा फ्लॅट आहे. म्हणजे सुमारे 55.7 चौरस मीटर. बांधकामाचा दर चौरस फुटाला 2,500 रुपये धरला (हा फक्त उदाहरणासाठी, खरा दर तुमच्या गावातल्या दोन ठेकेदारांना किंवा इंजिनिअरला विचारा), तर इमारतीची विमा रक्कम झाली 15 लाख. फ्लॅटची बाजारातली किंमत 75 लाख असली तरी विम्यासाठी आकडा हाच. आणि हप्ता या 15 लाखांवर बसतो, म्हणून घराचा विमा ऐकताना वाटतो त्यापेक्षा बराच स्वस्त पडतो.

स्वतंत्र घर असेल तर एवढ्यावर थांबू नका. 'इमारत' या शब्दात पॉलिसी बरंच काही धरते: व्हरांडा, गॅरेज, कंपाउंडची भिंत, गेट, संरक्षक भिंत, सेप्टिक टँक, पक्की बांधलेली पाण्याची टाकी, छपरावरचे सोलर पॅनेल. घराला कायमच्या बसवलेल्या वस्तू आणि वायरिंगही इमारतीतच. कोकणात चिऱ्याचा गडगा, म्हणजे कंपाउंडची भिंत, घालायला किती पैसे जातात ते घालणाऱ्यालाच ठाऊक, आणि पुरात किंवा दरडीत पहिला जातो तो गडगाच. मामाच्या नव्या पॉलिसीत आम्ही घराचे 900 चौरस फुटांचे 18 लाख धरले, शिवाय गडगा, गेट आणि टाकीचे दीड लाख. एकूण साडेएकोणीस लाख. हे जादा बांधकाम अर्जात वेगळं लिहून द्या, म्हणजे नंतर वाद होत नाही.

भिंती कुडाच्या किंवा छप्पर गवताचं, झावळांचं असेल तर पॉलिसीच्या भाषेत ते 'कच्चं बांधकाम' होतं. तसं असेल तर आधीच लिहून सांगा आणि कंपनीचं उत्तरही लेखी घ्या. कौलारू घर कच्चं नसतं. एका एजंटने आमच्या शेजाऱ्यांना तसं सांगून परत पाठवलं होतं, म्हणून मुद्दाम लिहितोय.

भारत गृह रक्षामध्ये मामाला बसला तसा निम्म्याला निम्म्याचा फटका आता बसत नाही. रक्कम थोडी कमी पडली म्हणून छोट्या नुकसानीत कात्री लावता येत नाही, ती अट काढून टाकली आहे. तरीही घर पूर्ण गेलं तर मिळणारी कमाल रक्कम म्हणजे लिहिलेली विमा रक्कमच. म्हणून ती प्रामाणिकपणे, नीट मोजून लिहा.

पॉलिसी एका वर्षाची घेता येते, तशी 10 वर्षांपर्यंतचीही. जास्त वर्षांच्या पॉलिसीत इमारतीची विमा रक्कम दरवर्षी 10 टक्क्यांनी आपोआप वाढते, कमाल मूळ रकमेच्या दुपटीपर्यंत, आणि त्या वाढीचा वेगळा हप्ता नसतो. ज्यांना दरवर्षी आठवणीने नूतनीकरण करणं जमत नाही त्यांनी लांबची घ्यावी, असं माझं मत आहे. घरांचे विमे खंडित होतात ते बहुतेक वेळा विसरल्यामुळेच.

पायरी 4: सामानाची यादी, खोलीमागून खोली

इमारतीबरोबर सामानाचा विमा घेतला, की काहीही यादी न देता इमारतीच्या रकमेच्या 20 टक्के इतकं सामान आपोआप धरलं जातं, कमाल 10 लाखांपर्यंत. वरच्या पुण्याच्या फ्लॅटला हे 3 लाख झाले. मामाला 3 लाख 90 हजार.

हे पुरतं का? मोजल्याशिवाय कळत नाही. फोन हातात घ्या, कॅमेरा सुरू करा आणि दारापासून आत चालत जा. कपाटं उघडा, माळा दाखवा, फ्रीजच्या मागचं मॉडेल नंबरचं स्टिकर दाखवा, बोलत राहा: "हे वॉशिंग मशीन, 2022 ला घेतलं, अमुक रुपये." घर दोन खोल्यांचं असलं तरी हे 10 मिनिटांत होत नाही, अर्धा तास धरा. मग बसून बेरीज करा. बायकांना भांड्यांची आणि साड्यांची खरी किंमत माहीत असते, त्यांना बरोबर घ्या. आमच्या मामीने नुसती तांब्या-पितळेची भांडी, मिक्सर, गॅस शेगडी आणि डबे मोजले तर स्वयंपाकघराचाच आकडा 70 हजारांवर गेला. पुरात त्यातली निम्मी भांडी चिखलाखाली सापडली, मिक्सर गेला. तेव्हा तिच्याकडे एकही बिल नव्हतं.

बेरीज आपोआप मिळणाऱ्या रकमेपेक्षा जास्त आली तर सामानाची रक्कम वाढवून मागा आणि यादी जोडा. बिलं सापडतील तेवढ्यांचे फोटो काढून ठेवा. सापडत नसतील तर बँकेच्या किंवा ऑनलाइन खरेदीच्या नोंदीही चालतात.

तो व्हिडिओ आणि पॉलिसीची प्रत घरात ठेवून उपयोग नाही. मामाची पॉलिसी कपाटाच्या सर्वांत खालच्या खणात होती, आणि पाण्याने पहिल्यांदा तोच खण भरला. ईमेलवर ठेवा, आणि दुसऱ्या गावात राहणाऱ्या भावाला, बहिणीला पाठवून ठेवा.

पायरी 5: वरून काय जोडायचं

दागिने, चांदीची भांडी, चित्रं वगैरे 'मौल्यवान वस्तू' वेगळ्या जोडाव्या लागतात. मोठ्या रकमेसाठी सराफाचा किंवा मूल्यांकनकर्त्याचा दाखला लागतो. दागिने लॉकरमध्ये असतील तर हे संरक्षण घ्यायची घाई नको. लग्नसराईत ते महिनोन् महिने घरीच राहत असतील, तर जरूर घ्या.

विम्यातल्या घटनेत मृत्यू झाला, तर विमाधारक आणि जोडीदारासाठी प्रत्येकी 5 लाखांचं अपघात संरक्षणही ऐच्छिक आहे.

भाड्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण हे लोकांना माहीत नसतं आणि मागितलंही जात नाही. विम्यातल्या घटनेमुळे घर राहण्याजोगं उरलं नाही, तर पर्यायी घराचं भाडं आणि भाडेकरू ठेवलेला असल्यास बुडालेलं भाडं, जास्तीत जास्त 3 वर्षांपर्यंत मिळू शकतं. मामा-मामी त्या पावसाळ्यात अडीच महिने बहिणीकडे राहिले. हे संरक्षण असतं तर शेजारच्याच गल्लीत खोली घेता आली असती, कामगारांवर रोज लक्ष ठेवता आलं असतं. त्याचप्रमाणे ढिगारा उचलायचा खर्च क्लेमच्या 2 टक्क्यांपर्यंत आणि आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरची फी 5 टक्क्यांपर्यंत मिळते. क्लेम भरताना हे दोन्ही मागायला विसरू नका.

घरफोडीबद्दल वर सांगितलंच. नोकरीनिमित्त गावचं घर वर्षातले 10 महिने बंद असेल, तर ते माझ्या मते अत्यावश्यक आहे.

पायरी 6: अर्ज

तीन कंपन्यांकडून कोटेशन मागवा, तिघांना तोच पत्ता, तीच रक्कम, तीच जादा संरक्षणं द्या. तरच तुलना खरी होते. हप्त्यावर 18 टक्के जीएसटी लागतो. सप्टेंबर 2025 मध्ये वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा कर काढला, घराच्या विम्यावरचा आहे तसाच राहिला.

अर्जात काहीही लपवू नका. घर बंद असतं का, खाली दुकान आहे का, मागे पूर आला होता का, आधी क्लेम घेतला होता का, हे विचारतात, खरं लिहा. कोकणात आणि गोव्यात आता कित्येक घरांच्या दोन खोल्या होमस्टेला दिलेल्या असतात. ही पॉलिसी राहत्या घरासाठी आहे. पर्यटकांकडून पैसे घेत असाल तर कंपनीला लेखी सांगा आणि कोणती पॉलिसी लागू होईल ते विचारा. हे न सांगता घेतलेली पॉलिसी नेमकी आगीनंतर, तपासणीत उघडी पडते. घर भाड्याने दिलं, मध्येच वापर बदलला, तरीही कळवायचं.

पॉलिसी आली की पत्ता, मालकांची नावं, चटई क्षेत्र, दोन्ही रकमा आणि जादा संरक्षणं शेड्यूलवर बोट ठेवून तपासा. घर आई आणि मुलगा दोघांच्या नावावर असेल तर दोघांची नावं हवीत. चूक असेल तर त्याच आठवड्यात ईमेल करून दुरुस्त करून घ्या. आणि हे सगळं मे महिना संपायच्या आत उरका. पाणी दारात आल्यावर घेतलेल्या विम्यातून त्या पाण्याचं नुकसान मिळत नाही.

पायरी 7: नुकसान झालं त्या दिवशी

आधी माणसं, मग मेन स्विच बंद, मग बाकीचं. आग विझल्यावर किंवा पाणी उतरल्यावर, झाडू हातात घेण्याआधी फोटो काढा. पाण्याची रेघ टेपसकट, प्रत्येक खोली चारही कोपऱ्यांतून, प्रत्येक उपकरण त्याच्या मॉडेल नंबरसकट. चिपळुणात लोकांनी अंगणात पडलेलं सगळं सामान दोन दिवसांत नगरपालिकेच्या गाड्यांत भरून दिलं. वास आणि चिखल असा की दुसरा इलाजच नव्हता. अशा वेळी टाकण्याआधी निदान फोटो काढा, आणि महागड्या वस्तू, जळालेला पंप, फुगलेला दरवाजा, बाजूला सर्व्हेअर येईपर्यंत ठेवा.

कंपनीच्या टोल-फ्री नंबरवर त्याच दिवशी कळवा, क्लेम नंबर लिहून घ्या आणि लगेच ईमेलही करा, म्हणजे कळवल्याचा पुरावा राहील. क्लेम फॉर्म उशिरात उशिरा 30 दिवसांच्या आत भरून द्यायचा असतो. चोरी किंवा नासधूस असेल तर पोलिसांत तक्रार, आग असेल तर अग्निशमन दलाचा दाखला, पूर-वादळ असेल तर महसूल विभागाच्या पंचनाम्याची प्रत जोडा. पंचनामा सरकारी मदतीसाठी होतो, पण तुमच्या गावात, तुमच्या घरात त्या तारखेला पाणी आलं होतं याचा तो भक्कम कागद असतो.

नुकसान वाढू नये म्हणून लागेल तेवढी तातडीची कामं करा: फुटक्या छपरावर ताडपत्री, पंपाने पाणी काढणं. त्यांची बिलं ठेवा. रंगरंगोटी, नवी फरशी वगैरे मात्र पाहणी होईपर्यंत थांबवा.

सर्व्हेअर हा परवानाधारक स्वतंत्र माणूस असतो. तो येईल तेव्हा घरातलं सगळं माहीत असलेलं माणूस हजर असू द्या. मामाकडे तो आला तेव्हा मामा नुसता मान हलवत होता, आणि मामीला कोणी विचारलंच नाही. तुमची यादी त्याच्या हातात द्या, एक प्रत सही-तारीख घेऊन स्वतःकडे ठेवा. दुरुस्तीसाठी दोन ठेकेदारांची लेखी अंदाजपत्रकं तयार ठेवलीत तर आकड्यांवर बोलणं सोपं जातं. त्याच्या अहवालाची प्रत तुम्ही मागू शकता, मागाच. ज्या वस्तू वगळल्या असतील त्यांचं कारण त्यात लिहिलेलं असतं.

पायरी 8: पैसे कमी आले किंवा नाकारले तर

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा. पत्रात पॉलिसीतलं कोणतं कलम तुमच्या बाजूने आहे ते नेमकं लिहा. रागाने लिहिलेल्या दोन पानांपेक्षा अशा चार ओळींना उत्तर लवकर येतं. आयआरडीएआयच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा 155255 या नंबरवरही तक्रार नोंदवता येते.

30 दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. महाराष्ट्रात त्यांची कार्यालयं मुंबईत, ठाण्यात आणि पुण्यात आहेत. 50 लाखांपर्यंतची प्रकरणं तिथे चालतात, फी नाही, वकील लागत नाही, आणि लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. कंपनीने अंतिम नकार दिल्यापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं, म्हणून ते नकाराचं पत्र जपून ठेवा, पाकिटावरच्या तारखेसकट.

मामाच्या प्रकरणात तक्रारीला जागाच नव्हती, कागद कंपनीच्या बाजूने होता. 2022 च्या मे महिन्यात त्याने स्वतः शेड्यूल वाचून, मोठ्या चष्म्याने, एकेक ओळ खाली बोट फिरवत नवी पॉलिसी घेतली: इमारत, गडगा, सामान, भाडं. ओटीची भिंत रंगवताना ती रेघ त्याने तशीच ठेवायला सांगितली. आता नवीन काही घरात आलं, की मामी त्याचं बिल धरून फोटो काढते आणि मला पाठवते. परवा आला तो पाण्याच्या मोटरचा होता.